बॉडी

आमच्या शाळेत ‘बॉडी’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. दहावी-अकरावीची पोरं बॉडी म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दंड आणि छाती असते. “बाई, बॉडी बनवायचीय, काय खाऊ?” शिक्षकांच्या खोलीत बॉडी म्हणजे संस्थेची कार्यकारिणी. “शनिवारी बॉडीची मीटिंग आहे” म्हटलं की शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांची आवराआवर सुरू होते. आणि पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथे बैलबाजार आणि घोंगड्यांच्या रांगा मागे टाकल्या की बायकांच्या कपड्यांची पालं लागतात. त्या पालांत बॉडी म्हणजे ब्रा. हा तिसरा अर्थ शाळेत कोणी उच्चारत नाही. माझ्या मैदानावर मात्र सगळ्यात जास्त अडलं ते याच तिसऱ्या बॉडीपाशी, आणि हे कळायला मला क्रीडाशिक्षिका होऊन सहा वर्षं लागली.

शाळा मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या अंगाला. मी डोंबिवलीची. बी. पी. एड. झाल्यावर इथे लागले तेव्हा दोन-तीन वर्षांत शहराजवळ बदलून घेऊ, असा हिशोब होता. तो कधी मागे पडला ते आठवत नाही. पाचवी ते बारावी, मुलं आसपासच्या गावांतली आणि ठाकूर-कातकरी वाड्यांतली, बरीचशी पायी येणारी. पावसाळ्यात मैदानाचा निम्मा भाग तळं होतो. भाताच्या आवणीला पटावरची निम्मी मुलं खाचरात असतात. दिवाळी झाली की काही घरं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे आजी राहते, आणि तिच्या सोबतीला म्हणून थोरली मुलगी. आमचं क्रीडावर्ष या सगळ्याच्या फटीत बसवावं लागतं.

पहिल्या वर्षातला एक दिवस सांगायलाच हवा, कारण तो माझ्या खात्यावर आहे. आरोग्यपत्रिका भरायच्या होत्या. उंचीची पट्टी भिंतीला चिकटवली, खाली वजनकाटा ठेवला, दोन वर्ग एका रांगेत उभे केले. मी काट्यापाशी, लिहिणारे सर टेबलाशी, मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर. म्हणून मी ओरडून आकडे सांगत होते. “बत्तीस! एकोणतीस! पस्तीस!” काम भराभर होत होतं. मग एका मुलीच्या वेळी मी ओरडले, “छप्पन्न!” आणि रांगेत हशा पिकला. मीही हसले असेन. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही हेच वाईट आहे.

त्या दिवसापासून ती ‘छप्पन्न’ झाली. एकोणतीसवाला मुलगा ‘काडी’ झाला. पोरांनी नावं ठेवली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर बारसं मीच केलं होतं, पोरांनी फक्त नाव घेतलं. पुढे एकदा शिक्षकांच्या खोलीतूनही हाक ऐकली, “अरे, त्या छप्पन्नला पाठव जरा.” वर्षभरात त्या मुलीने दुपारची खिचडी घेणं बंद केलं होतं. डबा आणते म्हणायची, डबा कधी दिसला नाही. एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना ती खाली बसली, मग आडवी झाली. तिला सावलीत नेऊन गूळ-पाणी दिलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

मी तिला एकटीला गाठून माफी मागितली. ती गोंधळली. म्हणाली, “बाई, तुम्ही कुठे काय बोललात? तुम्ही फक्त वजन सांगितलं.”

या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. तेव्हापासून काटा मी ग्रंथालयाच्या कपाटामागे ठेवते, एकेकाला आत बोलावते आणि आकडा स्वतः लिहिते. दोन वर्गांना एक तास लागायचा, आता दोन दिवस लागतात.

पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं की किशोरवयीन मुलांना दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. याच संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतली माहिती गोळा करून २०१९ साली निष्कर्ष छापला, की ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के शाळकरी मुलं तेवढी हालचाल करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, मुलांमध्ये ७८. सभागृहात बसलेल्या आम्हा ग्रामीण शिक्षकांत कुजबुज झाली. आमच्या पोरांना कसली हालचाल कमी?

परत आल्यावर मी आठवीतल्या एका मुलीचा दिवस तिच्याच तोंडून लिहून घेतला. एप्रिल महिना होता. या पट्ट्याचं हे एक विचित्र दुखणं आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, मुंबई त्यांच्यावर पाणी पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. आमच्याकडच्या वाड्यांची गतही फार वेगळी नाही. ती पोर पहाटे उठून टेकाडाखालच्या विहिरीवर तीन खेपा करायची, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. भरलेला हंडाच पंधरा किलोच्या घरात जातो. मग चूल, धाकट्याची आंघोळ, मग शाळेची पायवाट. जागतिक संघटनेची साठ मिनिटं तिची सकाळी सातलाच भरलेली असायची. आणि दहाला मी शिट्टी मारून तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगायचे.

ती म्हणायची, “मना नाय धावाचं, बाई.” मी तिला आळशी म्हणायचे.

एकदा ऑफ तासाला मी आठवी-नववीच्या मुलींना सरळ विचारलं, की खेळाच्या तासाला तुम्हाला काय करायला आवडेल? मला वाटलं होतं खो-खो म्हणतील, नाच म्हणतील. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक आवाज आला, “बसायचं.” सगळ्या हसल्या, पण कोणी नाही म्हटलं नाही. दुसरी म्हणाली, “बाई, झोपलं तर चालंल का?”

तेव्हा कळलं की माझ्या मुलींना श्रम भरपूर आहेत आणि खेळ अजिबात नाही. श्रमाला अंग वाकतं, खेळात ते सुटतं. पाण्याच्या खेपेत मान ताठ, नजर पायवाटेवर, कळशी हिंदकळता कामा नये. तिथे हसायला, पडायला, ओरडायला जागा नसते. शिवाय अंगात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. पूर्वी आम्ही ती प्रार्थनेनंतर वाटायचो, उपाशीपोटी. मुलींना मळमळायचं, मग त्या गोळी जिभेखाली धरून बाहेर थुंकायच्या. खिडकीखालच्या जास्वंदीला आमच्या शाळेने भरपूर लोह घातलं आहे. आता गोळी खिचडीनंतर देतो आणि जास्वंदीचा खुराक बंद झाला आहे.

झोपलं तर चालेल का, याला मी हो म्हटलं. तासाला दहा मिनिटं आंब्याखाली आडवं व्हायचं, मग खेळ. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “ही कुठली कवायत?” मी म्हटलं, “शवासन.” ते खूश झाले.

पण मुली तरीही मैदानावर येईनात. आल्या तरी दोन्ही हात छातीशी घेऊन कडेने उभ्या. पाचवी-सहावीत माकडासारख्या उंडारणाऱ्या पोरी सातवीची दिवाळी झाली की अचानक जड व्हायच्या. लंगडीत जिला कोणी बाद करू शकत नव्हतं तीच आता उडी मारायला तयार नाही. पाळी, घरची बोलणी, लाज, असं सगळं मी मनाशी गृहीत धरलं होतं. एका मुलीने मला शहाणं केलं. लांब उडीत ती तालुक्याला हमखास गेली असती. तिला मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, “बाई, धावलं का दुखतं. आन पोरं बघतात.”

दुखतं! इतकी साधी गोष्ट. तिच्या अंगावर गणवेशाच्या आत भावाची जुनी बनियन होती. आई भट्टीवर, घरात आजी. आजीने आयुष्यभर चोळी घातलेली. त्या घरात ब्रा विकत आणायची कोणी? बापाला सांगायचं कोणी? आणि बाजारात गेलं तर दुकानात उभा असतो ओळखीचा माणूस.

ते दिवस पौषाचे होते. मी म्हशाच्या जत्रेला गेले. पालातल्या मावशींना म्हटलं, “वेगवेगळ्या मापाच्या बॉड्या द्या, दोन डझन. सुती, जाड पट्टीच्या, घट्ट बसणाऱ्या.” त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “दुकान टाकताय का?” मी म्हटलं, “शाळा आहे.” त्यांनी डझनामागे दोन जास्तीच्या टाकल्या.

माप घेण्याचा प्रश्न होताच. ती टेप, जिने मी लांब उडी मोजते, ती घेऊन एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि गावातल्या आशाताई ग्रंथालयात बसलो. मुली एकेक करून आल्या. आशाताईंना या वाड्यांतलं घरन्‌घर माहीत; त्यांनी पहिल्याच मुलीला सांगितलं, “लाजू नको, तुझ्या आयशीचं बाळंतपण मीच नेलं होतं दवाखान्यात.” मग पाळीचं बोलणं निघालं, कपड्याच्या घड्या कुठे वाळवतेस इथपर्यंत गेलं, अंगावर येणाऱ्या केसांपर्यंत गेलं. एकीने विचारलं, माझी एक बाजू लहान आहे, मला काही रोग आहे का? आशाताई म्हणाल्या, सगळ्यांचीच असते. त्यावर त्या खोलीत जो सुस्कारा पडला, तो मला अजून ऐकू येतो. किती जणी तेवढाच रोग पोटात घेऊन फिरत होत्या!

लांब उडीवाली पुढच्या आठवड्यात उडाली. तालुक्याला तिचा नंबर आला नाही, उडीची रेघ ओलांडून पाय पडला. पण ती धावत आली होती, हात मोकळे सोडून.

मुलांची गोष्ट वेगळी वाटते आणि तीही शेवटी मोजपट्टीवरच येते. इथल्या मुलग्यांना आरसा तितका छळत नाही जितकी भरती छळते. पोलीस शिपाई व्हायचं तर उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. मग १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. मुलींना उंची १५५ आणि ८०० मीटर. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. संध्याकाळी मुरबाडच्या रस्त्याला पोरं धावताना दिसतात, ती याच आकड्यांमागे.

अकरावीतला एक मुलगा सकाळी शाळेच्या फाटकाच्या आडव्या दांडीला लोंबकळताना दिसायचा. आधी वाटलं, व्यायाम. मग कळलं, तो उंची वाढवत होता. त्याची उंची साडेत्रेसष्ट, म्हणजे १६३.५. दीड सेंटिमीटरसाठी त्याने फोनवरच्या जाहिरातीतून पावडर मागवली होती, दोन हजारांची, आणि ते पैसे भावाच्या भट्टीवरच्या उचलीतले होते. रोज कोणाला तरी धरून तो भिंतीला पाठ लावायचा, पेन्सिलीने खूण करायचा. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्या खुणांचं दाट झुडूप झालं होतं, सगळ्या एकाच जागी.

मी त्याला खरं ते सांगितलं. उंची बरीचशी आईबापांकडून येते, बाकीची लहानपणी पोटात काय गेलं यावर ठरते. हाडांच्या टोकांची वाढ थांबली की पावडर आणि लोंबकळणं दोन्ही व्यर्थ. पैशाला अंडी, शेंगदाणे, सुकट खा, नाचणीची भाकरी सोडू नको. उंची वाढणार नाही, पण १६०० मीटरला दम पुरेल. तो ऐकून घेत होता, पण डोळे भरले होते. मग म्हणाला, “बाई, म्हणजे मी बाद.”

त्याच्या वहीवर मी दुसरा आकडा लिहिला. वनरक्षकाच्या भरतीत पुरुषांना उंची १६३ लागते. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला त्याहूनही कमी चालते. एका टेपेवर जे अंग बाद, तेच दुसऱ्या टेपेवर पास. अंग तेच, अर्ध्या बोटाने वाढलेलं नाही. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. पुढे त्याने वनरक्षकाची परीक्षा दिली. धावण्यात निघाला, लेखीत राहिला. हल्ली तो शनिवार-रविवार गोरखगडावर येणाऱ्या ट्रेकवाल्यांना वाट दाखवतो आणि पुन्हा अभ्यास करतो. दांडीला लोंबकळतो का, विचारलं नाही.

आरसा अगदीच नाही असंही नाही. तो आता खिशात असतो. फोनमधला फोटो गाल बारीक करतो, रंग उजळतो, आणि मग भिंतीवरच्या आरशातलं तोंड मुलांना चुकीचं वाटू लागतं. वर्षानुवर्षं गोरेपणा विकणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातला ‘फेअर’ शब्द काढला. आमच्या गावच्या दुकानात अजून ते जुन्याच नावाने मागतात. आवणीत दिवसभर उन्हापावसात वाकणाऱ्या मुलींना ते कसं लागू पडायचं, हा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. एक मुलगी म्हणाली, “आवणी संपल्यावर लावायचं.” तिच्या हिशोबात चूक नव्हती.

दरवर्षी २ जानेवारीला आम्ही मुलांना सिद्धगडाच्या पायथ्याला नेतो. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांनी या जंगलात गोळ्या घातल्या. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, वकिली शिकलेला माणूस, वय तीस. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मोठमोठे मनोरे पाडले. स्मारकापाशी मानवंदना होते, भाषणं होतात. एका वर्षी भाषणं संपल्यावर वरच्या वर्गांना घेऊन मी माचीची वाट धरली.

तासाभरात माझा दम निघाला. चांगले बूट घातलेली क्रीडाशिक्षिका झाडाला टेकून उभी, आणि पोरं चपला हातात घेऊन वर. ‘छप्पन्न’ तोवर बारावीत होती, खरं तर तिला यायची सक्ती नव्हती. तिने माझी पिशवी घेतली. म्हणाली, “बाई, वर नका बघू, किती राहिलं ते. पायाखाली बघा.” आणि पुढे चालायला लागली, तिच्या चालीने, कोणाच्या पुढे नाही, कोणाच्या मागे नाही.

माचीवर बसल्यावर एका मुलाने विचारलं, “बाई, भाई कोतवालांची उंची किती होती हो?” तोच तो भरतीवाला. मी म्हटलं, माहीत नाही. त्याला आश्चर्य वाटलं. “पुस्तकात नाही?” मी म्हटलं, “मी वाचलं त्यात तरी नाही. जन्म आहे, १ डिसेंबर १९१२. काय काय केलं ते आहे.” तो काही बोलला नाही, आणि मीही त्यावर बोध केला नाही. पोरांनी खाऊचे पुडे उघडले होते, वारा सुटला होता, मुली ओरडून ओरडून प्रतिध्वनी काढत होत्या. खाली शाळेत ज्यांचा आवाज मला कधी ऐकू येत नसे, त्या.

माझी पद्धत आता साधी आहे. पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढायचा तो फक्त स्पर्धेच्या निवडीला. एरवी लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, खो-खो. असे खेळ, ज्यात लहान चणीच्या अंगालाही काम असतं आणि मोठ्या अंगालाही. कोणाला बसायचं असेल तर आंबा आहे. ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात जत्रेतला माल असतो. किल्ली नववीतल्या एका मुलीकडे असते, माझ्याकडे मागावी लागत नाही. भावाची बनियन आता कमी दिसते.

हे सगळं इतकी वर्षं माझ्या पगारातून चाललं. यंदा क्रीडासाहित्याचं मागणीपत्र भरताना चेंडू, जाळी, गोळा, चुना यांच्या खाली मी पाचवी ओळ लिहिली: ‘बॉडी, सुती, चार मापांत, तीन डझन.’ कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी कागद परत आणला. खाली मान घालून म्हणाले, “बाई, हे नेमकं कोणत्या खेळाचं सामान? तसा रकाना आहे.” मी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, ‘सर्व.’

मागणीपत्र आता संस्थेच्या बॉडीपुढे आहे. तोवर पौषातली म्हशाची जत्रा आहेच.